क्षारपड रानात झाड लावा, पण पीक म्हणून लावा
(कृष्णाकाठच्या खातेदारांस जाहीर निवेदन)

सुज्ञ खातेदारहो,

शिरोळ, मिरज आणि वाळवा या तालुक्यांतील ज्या काळ्या रानांनी आपल्या वाडवडिलांना शाळू-हरभऱ्याच्या राशी दिल्या, त्यांपैकी पुष्कळांवर आज उन्हाळा लागताच मीठ फुटते आणि उसाची उगवणदेखील साधत नाही. ही आपत्ती दैवी नव्हे. माप न ठेवता पाट सोडण्याचा हव्यास आणि ओढे-ओघळ बुजवून रान वाढविण्याची लालसा, या दोहोंनी जमिनीखालचे पाणी वर आणले. ते उन्हाने उडून गेले आणि त्यातील क्षार तेवढे मागे उरले. नीरेच्या डाव्या कालव्याला १८८५ साली पाणी सुटल्यावर काही दशकांतच बारामतीकडील जमिनींनी हाच इशारा दिला होता. तो आपण दप्तरात बांधून ठेवला.

आता इलाज म्हणून दरसाल वृक्षारोपणाचा सोहळा होतो. चोपण रानात हातभर खड्डा खणून, हाती लागेल ते रोप त्यात खोचून, छायाचित्र निघताच पाठ फिरवायची, या कारभारावर होणारा खर्च आमच्या मते सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे. चोपण मातीचे कण सोडियममुळे विस्कटून तिची छिद्रे बुजतात आणि पाणी व हवा खाली उतरत नाही. तेथे रोप गुदमरते यात नवल ते काय? कर्नाल येथे १९६९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने म्हणूनच गिरमिटाने सुमारे चार फूट खोल भोक पाडून, त्यात जिप्सम व शेणखत मिसळलेली माती भरून रोपे लावण्याची रीत सिद्ध केली. मूळ एकदा खोल गेले की त्याच्या श्वसनातील कर्बवायू मातीतील चुनखडी विरघळवितो, त्यातून सुटलेले कॅल्शियम सोडियमला हुसकावते, आणि पावसाचे पाणी त्याला खाली वाहून नेते.

झाडे भूजल उपसतात याची उलट साक्ष पश्चिम ऑस्ट्रेलियाने दिली आहे: मूळचे रान तोडून गहू पेरला, भूजल चढले आणि जमिनी खारावल्या, हे डब्ल्यू. ई. वुड या रेल्वे इंजिनिअरने १९२४ सालीच मांडले होते. तथापि झाड पाणी पिते, क्षार बहुतांशी मुळांपाशीच सोडते. म्हणून निचऱ्याचा चर नसेल तर नुसती लागवड अखेरीस व्यर्थ ठरते, हे झाडांच्या भक्तांनीही कबूल केले पाहिजे.

यास्तव प्रत्येक ग्रामसभेने पुढील ठराव करावेत. बुजविलेले ओढे प्रथम मोकळे करावेत. पाटाच्या कडेने आणि पडीक क्षारपड रानांत देशी बाभूळ, करंज व अर्जुन यांची गिरमिटाने लागवड करावी. वेडी बाभूळ खार सोसते खरी, परंतु शेजारचे रानही बळकावते, म्हणून ती टाळावी. या लागवडीची पीकपाहणीत नोंद व्हावी, आणि खातेदाराला उत्पन्न येईतो सवलतीचे कर्ज मिळावे. उसाच्या पाण्याला माप लागावे.

ज्या गावाला एवढे करवत नाही, त्याने येत्या पावसाळ्यात वृक्षारोपणाच्या निमंत्रणपत्रिका छापू नयेत.

आपले,
कृष्णाकाठचे काही खातेदार