दुसरा ड्रायव्हर परत द्या

ट्रक ड्रायव्हरच्या तासांवर बंधन घाला म्हटलं, की रावेर-सावद्याच्या केळीपट्ट्यात उत्तर ठरलेलं असतं: ‘माल नाशवंत आहे, साहेब. थांबून कसं चालेल?’ हे उत्तर हिशेबाला टिकत नाही. केळी हिरवीच कापतात, पिकवतात ती दिल्लीच्या बाजारात गेल्यावर. सावद्याहून दिल्ली हजार-अकराशे किलोमीटर. भरल्या गाडीला ताशी ५० ची सरासरी धरली तरी गाडी चालवण्याचे तास होतात २०-२२. दोन ड्रायव्हरांनी आठ-आठ तास आलटूनपालटून चालवलं तर थांबे धरून माल दीड दिवसात पोचतो. एकट्यानं तो त्याच वेळेत न्यायचा म्हणजे झोपेवर पाणी सोडायचं. केळी दोघांच्या हाती सुखरूप जातात. एकट्याला पाठवून वाचतो तो फक्त एक पगार.

दोन ड्रायव्हर हा माझ्या डोक्यातून निघालेला तोडगा नाही. नॅशनल परमिटच्या गाडीवर दोघं हवेत आणि सीटमागे एकाला आडवं होता येईल अशी जागा हवी, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच होतं. २०१८ च्या नोव्हेंबरात दोघांची सक्ती काढून टाकली. ही चूक होती, आणि ती दुरुस्त झाली पाहिजे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामांच्या मध्ये सलग ९ तास विश्रांती ठरवून दिली. लांब पल्ल्यासाठी थोडी सवलतही ठेवली. या कायद्यात माल भरणं-उतरवणंही कामातच धरलं होतं. बागेच्या बांधावर घड रचून होईपर्यंत, ताडपत्री-दोर आवळेपर्यंत ड्रायव्हर गाडीपाशी असतो. त्याचा दिवस तिथेच सुरू झालेला असतो. रात्री स्टेअरिंगवर बसतो तो निम्मा दमलेला माणूस. पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच लागू होता आणि २०२० च्या श्रमसंहितेनं ती मर्यादा दहावर नेली. एक-दोन गाड्यांचा मालक त्यात बसतच नाही.

‘ड्रायव्हरलाच थांबायचं नसतं,’ असंही म्हणतात. खेपेवर पैसे मिळणारा माणूस थांबेल कशाला? खेपेची पद्धत त्यानं काढलेली नाही.

‘अपघात ब्रेक फेल झाल्यानं होतात,’ हा तिसरा मुद्दा. ४ जुलै २०२३ ला शिरपूर तालुक्यात पळासनेरला कंटेनर हॉटेलात घुसला, दहा जीव गेले. तिथे कारण ब्रेकचंच सांगितलं गेलं. मान्य. पण ब्रेक मोटार वाहन निरीक्षक अपघातानंतर तपासतो. ड्रायव्हर किती तास जागा होता, हे पंचनाम्यात कोण लिहितं? तिथे ‘हयगय’ हा एकच शब्द येतो आणि मालक, माल भरणारा, वेळ बांधून देणारा व्यापारी सगळे सुटतात.

तास मोजणार कोण, हा प्रश्नही आता उरलेला नाही. युरोपात साडेचार तासांनंतर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. आपल्याकडे टोलनाक्यावर फास्टॅगची वेळ सेकंदासकट नोंदली जाते. बिल्टीवर दोन्ही ड्रायव्हरांची नावं आणि माल भरायला सुरुवात झाल्याची वेळ लिहा, ती टोलच्या वेळेशी ताडून पाहा, आणि तास मोडले तर दंड मालकाला आणि माल पाठवणाऱ्याला करा.

शिवाय थांबायला जागा द्या. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग धुळ्यात मिळतात. ड्रायव्हर बदलायला याहून सोयीचं ठिकाण खान्देशात नाही. आज ढाब्यावर गाडी लावली तर टाकीतलं डिझेल जाईल या धास्तीनं तो एक डोळा उघडा ठेवूनच पडतो. धुळ्यात राखणदार असलेला तळ, अंघोळीला पाणी आणि बाजेवर स्वच्छ अंथरूण एवढं तरी आधी करा.