‘नेट स्लो आहे’ म्हणण्याआधी

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्यानंतरच्या वर्षांत सरकारी दप्तर वेगाने पडद्यावर गेले. गरोदर मातेची नोंद, बाळाचे लसीकरण, क्षयरुग्णाची ‘निक्षय’वरील माहिती, सिकलसेल तपासणीचा निकाल, सारे आता संगणकात भरावे लागते. पडदा गोठला की धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरून आलेली माय बाळाला घेऊन बाकावर बसून राहते. खोलीतून उत्तर येते, ‘नेट स्लो आहे.’

सातपुड्यात नेट खरोखरच दगा देते. पण प्रत्येक वेळी दोष त्याचाच असतो असे नाही. ताप दिसला की रक्त न तपासता मलेरियाच्या गोळ्या द्याव्यात, तसे हे निदान आहे. अनेकदा दुखणे यंत्राच्या आत असते: मेमरी अपुरी पडते.

रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. ओटा भरला की संगणकाचा गाभा, म्हणजे कर्नल, सध्या न लागणारे डबे कोठीत ठेवतो आणि लागले की परत आणतो. याला ‘स्वॅप’ म्हणतात. सोय चांगली आहे, पण कोठी फार लांब आहे. रॅममधून माहिती उचलायला एक सेकंद लागतो असे धरले, तर फिरत्या हार्ड डिस्कवरून आणायला दिवसाहून जास्त वेळ लागेल. एसएसडीवरून साधारण पाव तास. ओटा फारच लहान असेल तर सगळा वेळ डब्यांच्या ने-आणीतच जातो. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्येच तिची मीमांसा केली होती.

मग मोजायचे काय? स्वॅप किती भरला, हा आकडा फसवा आहे. कोठीत डबे पडून असले म्हणून स्वयंपाक अडत नाही. ओपीडीत तीनशे रुग्ण आले यावरून त्यांचे हाल कळत नाहीत. प्रत्येकजण किती वेळ ताटकळला, यावरून कळतात. लिनक्सच्या कर्नलमध्ये डिसेंबर २०१८ पासून नेमके हेच मोजण्याची सोय आहे. गेल्या दहा सेकंदांत, एका मिनिटात आणि पाच मिनिटांत मेमरीची वाट पाहण्यात किती टक्के वेळ कामे अडली, ते ती सांगते. अँड्रॉइड १० पासून मोबाइलही कोणते ॲप बंद करायचे हे ठरवताना या मापाचा आधार घेऊ शकतो. आशाताईंच्या फोनवर अर्धा भरलेला फॉर्म अचानक गायब होतो, त्यामागे कधी कधी हेच कारण असते. विंडोजमध्ये ‘रिसोर्स मॉनिटर’च्या मेमरी विभागात ‘हार्ड फॉल्ट्स’चा आकडा दिसतो. प्रोग्राम उघडताना तो उसळणे स्वाभाविक आहे. काम रेंगाळत असताना तो सतत चढाच राहिला, तर मेमरीवर संशय घ्यावा.

आढावा बैठकीत ‘किती नोंदी बाकी?’ असे विचारले जाते आणि बोलणी डेटा ऑपरेटरला बसतात. त्याऐवजी आठवडाभर, ओपीडीच्या वेळेत, यंत्र किती काळ अडले ते लिहून ठेवावे. मेमरी कमी निघाली तर रॅम वाढवावी, जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, नको ते प्रोग्राम बंद ठेवावेत. स्वॅपच बंद करणे हा उपाय नव्हे. मेमरी संपली की कर्नलला चालू प्रोग्राम मारून टाकावा लागतो. आणि मेमरी ठीक निघाली, तर चांगल्या नेटची मागणी पुराव्यासह करता येते.

हे आरोग्य खात्याचे काम नाही, असे कुणी म्हणेल. पण बाळाला ठेवण्याआधी वजनकाटा शून्यावर आहे ना, हे सिस्टर पाहतातच. संगणकही आता त्याच टेबलावरचे उपकरण आहे. त्याच्या खोळंब्याची किंमत बाकावर बसलेली माय मोजते. शेवटची एसटी चुकली तर तिचा आख्खा दिवस जातो.