पाठवणीचे पद

लेकीची पाठवण कथा-नाटकांत वारंवार येते. तिला शोभेल असे गीत मात्र क्वचितच सापडते. कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणताना अण्णासाहेब किर्लोस्करांपुढे चौथ्या अंकात हाच पेच होता. कण्व हा वनवासी ऋषी, त्यातही पालक पिता. त्याने गावे तरी कसे? तानांवर ताना घेत राहिला, तर गवई दिसेल, बाप दिसणार नाही.

त्यापूर्वी विष्णुदास भावे यांच्या परंपरेत पात्रांच्या वतीने सूत्रधारच पदे म्हणत असे. दुसऱ्याच्या तोंडचे दुःख कितीही सुरेल असले तरी परकेच राहते. किर्लोस्करांनी पद पात्राच्याच मुखी घातले आणि साकी, दिंडी अशा चाली योजल्या. कीर्तनांतून या चाली घरोघरी रुळलेल्या होत्या. महसूल आयुक्तांच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या या गृहस्थाला आपला श्रोता नेमका ठाऊक होता.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात झालेला पहिला प्रयोग पहिल्या चारच अंकांचा होता. म्हणजे त्या रात्री प्रेक्षक घरी परतले ते दुष्यंत-शकुंतलेचे पुनर्मीलन पाहून नव्हे, तर पाठवण मनात घेऊन. शकुंतलेच्या वेषात पुरुष नट होता. त्या काळी ते कोणाला खटकत नसे.

मूळ अंकातील कण्वाचा उपदेश प्रसिद्ध आहे. पतीने अवमान केला तरी रागावू नये, हा त्यातला भाग आज कोणताही बाप लेकीला सांगणार नाही, सांगूही नये. पण पुढचे वचन व्यापाऱ्याच्या घरात लगेच कळावे असे आहे. कन्या हे परक्याचे धन, ते सुपूर्द केल्यावर ठेव परत केल्यासारखे मन निर्मळ झाले, असे कण्व म्हणतो. ठेव परत केल्याचा हलकेपणा खरा. पण कण्वाला तो खरोखर लाभला का, याविषयी शंका घेण्यास जागा कालिदासानेच ठेवली आहे. जरा आधी शकुंतला त्याला म्हणते, माझ्यासाठी फार झुरू नका. तेव्हा तो उसासा टाकतो. तिने बली म्हणून टाकलेले नीवाराचे दाणे पर्णकुटीच्या दाराशी अंकुरले आहेत. ते डोळ्यांसमोर असताना शोक ओसरेल कसा, असे तो तिलाच विचारतो.