चेहऱ्याचा हिशेब द्या

कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावी 1 ऑक्टोबर 2017 रोजी शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि हैदराबादचा साईभक्त निघाल्या दिवशीच समाधीपुढे उभा राहू लागला. आता हैदराबाद, दिल्ली, बंगळुरूच्या विमानतळांवर त्याच्यासमोर ‘डिजियात्रा’ आहे. ओळखपत्राऐवजी चेहरा दाखवायचा आणि आत जायचे. प्रवेशद्वारावरची रांग त्यामुळे लवकर सरते, हे समर्थकांचे म्हणणे मान्य.

पण ‘सुरक्षेसाठी हे हवेच’ हा दावा टिकत नाही. चेहरा जुळला तरी बॅग क्ष-किरण यंत्रातून जातेच, जवान अंगझडती घेतोच.

‘योजना ऐच्छिक आहे,’ असे सांगतात. कागदावर आहे. प्रत्यक्षात दारातला कर्मचारी बोर्डिंग पास मागतो, ‘कॅमेऱ्याकडे बघा’ म्हणतो आणि विमान चुकण्याच्या धास्तीतली आजी बघते. अशी न विचारता नोंदणी झाल्याच्या तक्रारी 2024 मध्ये प्रवाशांनी जाहीरपणे केल्या. याला संमती म्हणवत नाही.

‘24 तासांत माहिती पुसतो’ हे आश्वासन तर सर्वांत कच्चे. खातरजमा कोण करणार? ही योजना चालवणाऱ्या डिजियात्रा फाउंडेशनमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा 26 टक्के. उरलेला 74 टक्के दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद आणि कोची विमानतळांच्या कंपन्यांचा. माहिती अधिकार आपल्याला लागू नाही, अशी फाउंडेशनची भूमिका आहे. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी लढा दिला आणि राज्यात 2002 चा माहिती अधिकार कायदा आला. राळेगणसिद्धी आणि शिर्डी ज्यात येतात, त्या अहिल्यानगर जिल्ह्याने तरी फाउंडेशनचे हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेऊ नये.

राहिला शेवटचा युक्तिवाद: ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?’ एटीएमचा पिन फुटला तर बदलता येतो; चेहरा जन्मभर तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्क म्हटले. त्यात ‘लपवण्यासारखे असणाऱ्यांसाठी’ अशी अट नाही.

तपासणी कडकच हवी. मात्र फाउंडेशनला माहिती अधिकाराखाली आणा, माहिती खरोखर पुसली जाते का हे त्रयस्थांकडून तपासून अहवाल दरवर्षी जाहीर करा आणि ओळखपत्रवाल्यांची दारे कमी करू नका. शिर्डीला येणाऱ्यांत ॲपशी ओळख नसलेले म्हातारेकोतारे पुष्कळ असतात, त्यांना खोळंबवणे अन्यायाचे आहे. तोवर, वाचकहो, कुणी कॅमेऱ्याकडे बोट दाखवले तर आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र पुढे करा. तो तुमचा हक्क आहे.