रस्त्याचं पाणी तापीत, तापी समुद्रात. हिशेब मात्र कोणाच्याच वहीत नाही

चांदनी (जि. बुरहानपूर) : समुद्राच्या पाण्याचा विषय आणि लिहिणारा सातपुड्याच्या पायथ्याचा, हे काय, असं कोणी विचारेल. उत्तर नकाशात आहे. आपल्याकडचे नाले तापीला मिळतात. मध्य प्रदेशाची हद्द ओलांडली की तापी महाराष्ट्रातून २२८ आणि गुजरातेतून २१४ किलोमीटर वाहते आणि सुरतेच्या पुढे समुद्राला मिळते. म्हणजे बुरहानपूर-नेपानगरच्या रस्त्यावर जे सांडतं, ते तापीच्या वाटेला लागतं.

सांडतं काय, ते बघा. ट्रकचं गळकं ऑइल, टायरची झीज, ब्रेकची धूळ, केळीचा पाला, पावरलूमचा कापूस-कचरा, गुटख्याच्या पुड्या. आठ महिने हे सगळं रस्त्यावर साचतं आणि पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत धुऊन निघतं. आपण म्हणतो, पावसानं गाव स्वच्छ केलं. खरं तर घाण फक्त पुढे ढकलली जाते.

साधा हिशेब करू. दहा मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब रस्ता म्हणजे दहा हजार चौरस मीटर. त्यावर फक्त दहा मिलिमीटर पाऊस पडला तरी एक लाख लिटर पाणी झालं. जुन्या मुरमाच्या रस्त्यात आणि साइडपट्टीत त्यातलं बरंच मुरायचं. आता सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना पेव्हर ब्लॉक आणि सिमेंटची नाली. पाणी मुरायला जागाच उरली नाही. नाली बांधताना एकच प्रश्न विचारला जातो, पाणी किती लवकर निघेल? ते कुठे जाईल आणि कसं जाईल, हा प्रश्न इस्टिमेटमध्ये येतच नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण मुंबई. तिथल्या ब्रिटिशकालीन गटारांची क्षमता ताशी २५ मिलिमीटर पावसाची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडालं. त्यानंतर ‘ब्रिमस्टोवॅड’ योजनेला वेग आला, ताशी ५० मिलिमीटरचं लक्ष्य धरून कामं झाली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध इथे पंपिंग स्टेशन उभी राहिली. रस्ते लवकर मोकळे व्हावेत यासाठी ही गरज होतीच. पण पंपाचं काम पाणी उचलून समुद्रात टाकण्याचं आहे. मोठा कचरा जाळीला अडतो, विरघळलेली घाण, तेल आणि पावसाळी नाल्यात शिरलेलं सांडपाणी तसंच जातं. दर पावसाळ्यात मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्हवर आणि जुहूला कचऱ्याचे ढीग परत येतात, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेत. जे दिसत नाही ते मात्र पाण्यातच राहतं.

ते न दिसणारं किती महाग पडतं, हे अमेरिकेत दिसलं. सिएटल भागात पावसानंतर ओढ्यांतले कोहो सॅल्मन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते. टायर टिकावेत म्हणून रबरात घालतात त्या रसायनापासून तयार होणारा पदार्थ याला कारण आहे, हे २०२० मध्ये संशोधकांनी दाखवलं. त्याच भागातल्या प्रयोगांत रस्त्याचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून सोडलं, तेव्हा मासे जगले. यात महागडं यंत्र काहीच नव्हतं.

आपल्याकडे कोणी म्हणेल, मध्ये हतनूर आहे, उकाई आहे, घाण तिथेच बसेल. काही अंशी खरं आहे. जड गाळ धरणात बसतो. पण तो बसतो म्हणजे शेजाऱ्याच्या पाण्यात बसतो. भुसावळ परिसर आणि दीपनगरचं वीज केंद्र हतनूरच्या भरवशावर आहे. आणि पूर आला, हतनूरचे ४१ दरवाजे उघडले की तरंगणारं प्लास्टिक पुढच्या प्रवासाला निघतंच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यात नेपानगर ते बुरहानपूर हा तापीचा पट्टाही होता. त्यामुळे रावेर-मुक्ताईनगरच्या वाचकांनी आम्हाला जाब विचारला तर तो रास्त आहे.

वाणिज्य शाखेत पहिला धडा असतो : एकाच्या वहीत नावे पडलं की दुसऱ्याच्या वहीत जमा दिसायला हवं. इथे रस्त्याचा खर्च एका खात्यात, नाल्याचा दुसऱ्या, नदीचा तिसऱ्या राज्यात आणि समुद्राचा नुकसानभोगी कोळी कुठल्याच वहीत नाही. मे २०२५ मध्ये तापी मेगा रिचार्जसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राचा करार झाला. चर्चा झाली ती पाणी किती मिळणार याची. पाणी कसं असेल, हा मुद्दाही त्याच टेबलावर हवा.

करता येण्यासारखं बरंच आहे. नवा रस्ता होतानाच नालीत ठरावीक अंतरावर गाळ बसायचा खड्डा आणि जाळी ठेवावी, आणि ती साफ करण्याचा खर्च टेंडरमध्येच धरावा. साइडपट्टी पूर्ण सिमेंटने बंद न करता गवताचा चर सोडावा. नाला नदीला मिळण्याआधी सरकारी जागेत छोटं तळं करून पाणी थोडं थांबवावं. गॅरेजचं जुनं ऑइल नालीत न जाता गोळा व्हावं. घरांचं सांडपाणी पावसाळी नालीत सोडणं बंद झाल्याशिवाय मात्र बाकीचं सगळं वाया आहे.

एक सावधगिरीही. रिचार्जच्या उत्साहात रस्त्याचं पाणी थेट बोअरमध्ये सोडू नये. छताचं पाणी वेगळं, रस्त्याचं वेगळं. बुरहानपूरचा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास बांधला गेला, तो डोंगरातून झिरपून येणाऱ्या पाण्यावर. चारशे वर्षांपूर्वीच्या लोकांना कुठलं पाणी प्यायचं ते कळत होतं. जमिनीत एकदा तेल गेलं तर ते काढायला कुठलीच योजना पुरत नाही.

सुरुवात एका गोष्टीने करता येईल. पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार पावसानंतर बुरहानपूरच्या वर, बुरहानपूरच्या खाली आणि राज्याच्या सीमेवर पाण्याचे नमुने दोन्ही राज्यांच्या मंडळांनी एकाच दिवशी घ्यावेत आणि आकडे लोकांसमोर ठेवावेत. नगरसेवकाला नव्या रस्त्याचं उद्घाटन कधी, हे आपण विचारतोच. पुढच्या वेळी विचारा, या नालीत गाळाचा खड्डा कुठे आहे आणि तो साफ कोण करणार?