महिन्याचं बिल आणि रोजची मजुरी

रोज संध्याकाळी साडेसातला मी वही आणि कापडी पिशवी घेऊन सातव्या मजल्यावर जाते आणि एकेक दार वाजवत खाली उतरते. मानखुर्दच्या आमच्या इमारतीत ९६ घरं आहेत. त्यातल्या ३१ घरांची नावं माझ्या वहीत आहेत. कुणी २० रुपये देतं, कुणी ३०. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या भाभीनं सुटे ७ रुपये हातावर ठेवले आणि उद्या जास्त देते म्हणाली. मी ७ लिहून घेतले. महिना संपला की या पैशांतून त्या त्या घराचा मेंटेनन्स भरायचा, उरले तर वीजबिलाला लावायचे. मेंटेनन्स ६०० रुपये आहे.

सोसायटीचे हिशेब तपासायला आलेले एक साहेब मला म्हणाले, "ताई, ६०० रुपयांसाठी रोज एवढे जिने का उतरता? महिन्याला एकदम घेत जा." साहेब भले माणूस होते, आणि प्रश्न मनापासून विचारला होता. पण त्यांचा पगार महिन्याला होतो. माझ्या वहीतल्या घरांची कमाई रोजची आहे. कुणी नाक्यावर उभा राहणारा बिगारी, कुणी कचरा वेचणारी, कुणी लग्नाच्या हॉलमध्ये भांडी घासणारी. काम लागलं तर संध्याकाळी हातात पैसे, नाही लागलं तर नाही. त्या पैशांतून २० रुपये बाजूला निघतात. ३० तारखेला ६०० मागितले तर निघत नाहीत, कारण २९ तारखेला घरात कुणाला तरी ताप आलेला असतो.

फुटपाथवरून इमारतीत आलेल्या माणसाचं घर टिकवायचं असेल, तर आधी ही गोष्ट समजून घ्यावी लागते. सरकारनं, पालिकेनं आणि विकासकांनी ती समजून घेतलेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

माझा जन्म भायखळ्याच्या फुटपाथवरचा. १९७२ च्या दुष्काळात आई-वडील जालन्याकडून मुंबईला आले. भिंतीला टेकवून बांबू, वर ताडपत्री, पुढे चूल, एवढं आमचं घर. तिथं प्रत्येक गोष्ट रोजची होती. पाणी हंड्यावर विकत, रॉकेल बाटलीनं, तेल पुडीत, संडासाचे पैसे जातानाच द्यायचे. आईनं आयुष्यात कुठलं बिल भरलं नव्हतं, पण ती कुणाचं देणंही लागत नव्हती. वरचेवर पालिकेची गाडी यायची आणि बांबू-ताडपत्री उचलून न्यायची. मग दोन दिवसांत आई पुन्हा चार बांबू आणायची.

१९८१ च्या जुलैमध्ये त्या वेळचे मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवरच्या माणसांना हटवून आपापल्या गावी पाठवण्याचं जाहीर केलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून ते प्रसिद्ध आहे. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठानं सांगितलं, की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. वकिलीच्या अभ्यासात हे वाक्य शिकवतात. त्याच निकालात असंही होतं, की फुटपाथ राहण्यासाठी नाही, रीतसर नोटीस देऊन झोपड्या हटवता येतील, मात्र पावसाळा संपल्यावर. आमच्या वस्तीपर्यंत दुसरा भाग आधी पोचला.

त्याच वर्षी भायखळ्याच्या बायकांनी स्पार्क या संस्थेसोबत फुटपाथवरची घरं मोजली. सुमारे ६,००० कुटुंबं निघाली. तोवर आम्ही कुठल्याच कागदावर नव्हतो. मग महिला मिलन ही बायकांची संघटना उभी राहिली आणि रोजची बचत सुरू झाली. शिकलेली नसलेली एक बाई रंगीत कागदाचे तुकडे पिशवीत टाकून हिशेब ठेवायची, एका रंगाचा एक रुपया, दुसऱ्याचा दोन. आई रोज १ रुपया द्यायची. मी लहान होते. मला वाटायचं, या बाया पैसे गोळा करायला येतात. पुढे कळलं की त्या बातमी गोळा करायला येत होत्या. कुणाच्या घरी दोन दिवस चूल पेटली नाही, कुणाच्या तोंडावर वळ आहेत, कुणाचा मुलगा शाळेतून गळला. पैसे देताना माणूस दारात येतो, दोन शब्द बोलतो. महिन्यातून एकदा आलेल्या माणसाला हे कळत नाही. मी आज जिने उतरते ते त्या बायकांकडून शिकलेलं काम आहे.

पुढे पुनर्वसनात मानखुर्दच्या या इमारतीत घर मिळालं, तेव्हा आई थकली होती. २२५ चौरस फूट, आत नळ, आत संडास, कागदावर नवरा-बायको दोघांची नावं. आई पहिले कित्येक दिवस नळ सोडून नुसती बघत बसायची, मग घाईघाईनं बंद करायची. या घराबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे. माझ्या मुली त्यात शिकल्या, त्यांना अंघोळीसाठी अंधार पडायची वाट बघावी लागली नाही. हे सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं अप्रामाणिक होईल.

चावी दिली, फोटो निघाले, आणि सगळे निघून गेले. इमारत चालवायची कशी, हे आम्हाला कुणी दाखवलं नाही. लिफ्टचं वर्षाचं कंत्राट असतं, पाण्याच्या मोटारीचं बिल वेगळं येतं, जिन्यातल्या दिव्याचा मीटर सोसायटीच्या नावावर असतो, टाकी धुवायला माणूस लागतो. आम्ही पहिल्या वर्षी यातलं काहीच भरलं नाही, कारण भरायचं असतं हेच माहीत नव्हतं. नोटिसा यायच्या, त्या वाचणारं घर मजल्यावर एखादंच.

पुनर्वसनाच्या घरांच्या देखभालीसाठी घरटी २०,००० रुपये ठेव ठेवायची पद्धत पडली. ऐकायला रक्कम बरी वाटते. आमच्याएवढ्या, ९६ घरांच्या इमारतीचा हिशेब करा. ठेव झाली १९,२०,०००. सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,१५,२००, म्हणजे महिन्याला ९,६००. घरटी १०० रुपये. एकटा झाडूवाला आणि जिन्यातले दिवे यातच ते संपतात. लिफ्ट आणि मोटार रहिवाशांच्या खिशातून. रोज कमावणाऱ्या माणसाला सात मजली इमारत द्यायची आणि तिचा खर्च महिन्याच्या महिन्याला मागायचा, यात कुणालाच काही चुकलेलं वाटलं नाही.

आता आमच्या पाचव्या मजल्यावरच्या मावशीची गोष्ट. नवरा मस्जिद बंदरला हमाली करायचा. एक दिवस गोण्या उतरवताना पडला, खुबा मोडला. कमाई थांबली. पहिल्या महिन्यात मेंटेनन्स राहिला, मग दुसऱ्या, असे १४ महिने. थकबाकी झाली ८,४०० रुपये. मधे विजेचा मीटर कापला गेला. लिफ्ट तेव्हा बंद होती, कारण मावशीसारखी आणखी २० घरं थकलेली होती. काका पाच मजले उतरू शकत नव्हते, म्हणजे दवाखाना तुटला. सोसायटीच्या कमिटीनं बाकीदारांच्या नावांचा फळा खाली लावला. त्या दिवसापासून मावशी जिन्यात कुणाशी बोलेनाशी झाली. मग एक दलाल आला. हेवी डिपॉझिट म्हणून दीड लाख रुपये हातात, आणि घर तीन वर्षांसाठी दुसऱ्याला. हे बेकायदा आहे, हे तिला माहीत होतं. तिनं ऑपरेशन केलं, सावकाराचं फेडलं, गोवंडीत भाड्याची खोली घेतली. पैसे दीड वर्षात संपले. डिपॉझिट परत देता येईना, तेव्हा घरही परत मिळेना. मावशी आज भायखळ्याला पुलाखाली आहे, जिथून निघाली होती त्याच्यापासून चार मिनिटांच्या अंतरावर.

हे सगळं ८,४०० रुपयांवरून झालं. पहिल्या महिन्यात कुणी दार वाजवलं असतं, तर ६०० रुपयांत निभावलं असतं. आम्ही वाजवलं नाही. मी त्याच इमारतीत राहत होते आणि मीही वाजवलं नाही. फळा लावायच्या ठरावावर माझी सही आहे. त्या वर्षी दिवाळीनंतर मी वही घेतली.

"यांना फुकट घरं द्या, हे विकून परत फुटपाथवर जातात," असं मी लोकलमध्ये, दुकानात, सरकारी कचेरीत अनेकदा ऐकलं आहे. घर विकणारे आहेत. नफ्यासाठी विकलेली दोन घरं मी स्वतः पाहिली. पण अशी गेलेली जी नऊ घरं मला जवळून माहीत आहेत, त्यातल्या बाकी सातांची वाट मावशीचीच होती. आजारपण किंवा सुटलेलं काम, मग मेंटेनन्स, मग वीज, मग लाज, मग दलाल. ही वाट प्रत्येक वेळी इतकी सारखी असते, की ती अडवणं अवघड नाही. पहिल्या पायरीवर कुणीतरी उभं असायला हवं, एवढंच.

आजारपणाचं म्हणाल तर इमारतींच्या रचनेचाही त्यात हात आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत दोन इमारतींत इतकं कमी अंतर ठेवलं आहे, की खालच्या मजल्यांना ऊन आणि वारा मिळत नाही. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या वसाहतींत डॉक्टर्स फॉर यू या संस्थेनं केलेल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध या कोंडलेल्या घरांशी जोडला गेला. क्षयाचं औषध सरकार फुकट देतं, पण सहा महिने अंगात ताकद नसते आणि रोजी बुडते. म्हणून माझ्या वहीत पैशांच्या रकान्याशेजारी मी 'खोकला' असंही लिहून ठेवते. पंधरा दिवसांवर गेला तर त्या माणसाला घेऊन मी दवाखान्यात जाते.

कागदांचं काम तर न संपणारं. दुसऱ्या मजल्यावरची आजी आणि तिचा नातू, दोघंच. घर मुलाच्या आणि सुनेच्या नावावर, दोघंही वारलेले, वारस नोंद झालेली नाही. एका दलालानं तिला सांगितलं होतं, की आता घर सरकारजमा होणार, त्यापेक्षा मला दे. मृत्यूचे दाखले, नातवाचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, चार खेपा. चौथ्या खेपेला काम झालं. यात कसलंही कसब नव्हतं. आजीबरोबर कुणीतरी जायला मोकळं होतं, म्हणून ते घर राहिलं.

एका बैठकीत फिनलंडबद्दल ऐकलं. त्या देशानं २००८ पासून बेघरांना आधी कायमचं घर द्यायचं आणि गरज असेल तोवर सोबत मदत करणारा माणूस द्यायचा, असं धोरण चालवलं आणि बेघरांची संख्या बरीच खाली आणली. तो थंड आणि श्रीमंत देश, तिथलं सगळं इथं लागू होईल असं मी म्हणत नाही. पण तिथं घराच्या खर्चासोबत मदतीच्या माणसाचा पगारही धरतात. आपल्याकडे विटा, सिमेंट, लिफ्ट, सगळ्याचा अंदाज निघतो, या माणसाचा रकानाच नसतो.

तो रकाना घाला, ही माझी मागणी आहे. दर १०० कुटुंबांमागे एक सोबतीण, पहिली पाच वर्षं, पगारी. महिना २०,००० धरले तर पाच वर्षांचे १२ लाख होतात, म्हणजे घरटी १२,००० रुपये. मुंबईत एवढ्यात एक चौरस फूटसुद्धा कित्येक ठिकाणी येत नाही. ही बाई त्याच वस्तीतून निवडा, तिथली भाषा बोलणारी, स्वतः फुटपाथ नाहीतर झोपडी सोडून आलेली. तिचा पगार सोसायटीच्या कमिटीच्या हातात ठेवू नका, नाहीतर ती वसुली करणारी होऊन बसेल. आणि तीन महिन्यांची बाकी झाली, की नोटीस काढण्याआधी तिची भेट सक्तीची करा.

सोबत दिली की माणसं ऐदी होतात, असं काहींना वाटतं. माझ्या वहीत सुरुवातीला ५८ घरं होती. आज ३१ आहेत. गळालेली २७ घरं आता महिन्याच्या महिन्याला फोनवरून स्वतः मेंटेनन्स भरतात. त्यातला एक बिगारी होता, आता सुपरवायझर आहे, पगार महिन्याला होतो. त्याला माझी गरज उरली नाही. दारात भेटला की अजून सवयीनं खिशात हात घालतो.

धारावीच्या पुनर्विकासात आता पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांची घरं मिळणार आहेत, आणि पहिली १० वर्षं देखभालीचा खर्च त्यांच्यावर पडणार नाही, असं जाहीर झालं आहे. आम्हाला असं काही मिळालं नव्हतं, त्यांना मिळतंय याचा मला आनंद आहे. पण मला अकराव्या वर्षाची काळजी वाटते. दहा वर्षं ज्या बिलाचं तोंड पाहिलं नाही, ते अकराव्या वर्षी एकदम दारात येईल, तेही आमच्यापेक्षा कितीतरी उंच इमारतीचं. त्या दहा वर्षांत रोजचे १० रुपये बाजूला टाकायला कुणी लावलं, तर घरटी ३६,५०० रुपये जमतात, आणि सवयही लागते. ते कुणी लावायचं, हे पहिल्या इमारतीची चावी देण्याआधी ठरायला हवं.

आमच्या वसाहतीत हे काम वर्षानुवर्षं केलेल्या अकरा जणी आहेत. सगळ्यांत मोठी ७१ वर्षांची, सगळ्यांत लहान ३४ ची. सहा जणींना वाचता येतं, पाच जणींना येत नाही, हिशेब अकराही जणींचा चोख आहे. धारावीत किंवा आणखी कुठे कुणी अशा बायका निवडल्या, तर आम्ही त्यांना आमच्यासोबत जिन्यांवर फिरवायला तयार आहोत. फक्त साडेसातच्या आधी या. उशीर झाला की लोक जेवायला बसतात आणि दार वाजवणं बरं दिसत नाही.