बंदरांतील परका शिंपला आणि आमचा बांध

मोताळ्याच्या शेतकऱ्यापुढें समुद्रांतील शिंपल्याची गोष्ट काढणें कांहीं वाचकांस विनोदाचें वाटेल. नळगंगेच्या कांठीं बसून मुंबईच्या गोदीची चिंता कोणीं करावी? परंतु ज्या तऱ्हेनें तो शिंपला बंदरांत शिरला, त्याच तऱ्हेनें गाजरगवत आमच्या बांधावर चढलें. आणि त्या वाटेकडे आमचें अद्यापि लक्ष नाहीं. म्हणून हा विषय मुद्दाम घेतला आहे.

हा काळपट शिंपला बोटाच्या पेऱ्याएवढा, मूळचा अमेरिकेकडील कॅरिबियन समुद्राचा. विशाखापट्टणच्या बंदरांत तो १९६७ सालीं आढळला, आणि १९७५ पर्यंत मुंबईच्या आरमारी गोदींतही आल्याची नोंद झाली. असे प्राणी जहाजाच्या तळास चिकटून येतात, किंवा तोल राखण्यासाठीं जहाजांत भरून घेतलेल्या पाण्यांतून सूक्ष्म पिलांच्या रूपानें येतात. अंगांतून निघणाऱ्या चिवट तंतूंनीं हा लांकूड, लोखंड, दोर, जें सांपडेल त्यास बिलगतो. पाणी खारें असो वा मचूळ, त्यास दोन्ही चालतें. सुमारें महिन्याभरांत तो वयांत येतो आणि थरावर थर चढवितो. मग पाण्याचे नळ बुजतात, जहाजें जड होतात, आणि मूळच्या प्राण्यांस बसावयास जागा उरत नाहीं. केरळांतील अष्टमुडी सरोवरांत दक्षिण अमेरिकेंतील दुसऱ्याच एका जातीच्या शिंपल्यानें तेथील हिरव्या शिंपल्यांची जागा बळकावल्याचें २०१९ च्या सुमारास उघड झालें. कोंकणांत ज्यांस शिनाणे म्हणतात तेच हे हिरवे शिंपले. तेथील कोळ्यांचें तें पीकच होय; पीक जाऊन तण उरलें असें आपण म्हणूं.

आतां याच्या उलट एक उदाहरण. आस्ट्रेलियाच्या डार्विन शहरीं हाच कॅरिबियन शिंपला १९९९ च्या मार्च महिन्यांत बोटींच्या गोद्यांत दिसला. सहा महिन्यांपूर्वीं केलेल्या पाहणींत त्याचा मागमूस नव्हता. तेथील सरकारनें वाट पाहिली नाहीं. गोद्यांचे दरवाजे बंद केले, पाण्यांत क्लोरीन व मोरचूद सोडला, आणि तेथून निघून गेलेल्या बोटींचा माग काढून त्याही तपासल्या. थोड्याच आठवड्यांत शिंपला समूळ नाहींसा झाला. इतर जीवही त्या पाण्यांत मेले व खर्च भारी आला, हें खरें. पण गोद्यांस दरवाजे होते व नजर पहिल्याच वर्षीं पडली, म्हणूनच तें साधलें. उघड्या किनाऱ्यावर पसरलेल्या शिंपल्यास असा उपाय नाहीं.

गाजरगवताच्या बाबतींत आमचे दरवाजे उघडेच राहिले. १९५५ सालीं पुण्यास त्याची नोंद झाली. अमेरिकन गव्हाबरोबर तें आलें असें सर्वत्र समजतात, आणि गव्हास दोष देऊन आपण मोकळे होतों. परंतु पुण्यापासून मोताळ्यापर्यंत तें कोणत्या गव्हानें आणलें? एकेका झाडास हजारों बीजें येतात. तीं मालमोटारींच्या चाकांस, कडब्याच्या पेंढ्यांस, विकत घेतलेल्या शेणखतास लागून गांवोगांव गेलीं. १९८४ सालीं बंगळूरकडे मेक्सिकोंतील भुंगेरा सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो पानें फस्त करितो हें अनेकांनीं पाहिलें असेल. पण गवत आजही बांधावर उभें आहे. "निसर्ग आपोआप तोल सांभाळील" असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

प्रत्येक परका जीव बांधावर अडवितां येतो असें मात्र माझें म्हणणें नाहीं. २०१८ सालीं कर्नाटकांत प्रथम दिसून त्याच वर्षीं आपल्या प्रांतांत आलेली अमेरिकन लष्करी अळी घ्या. तिचा पतंग एका रात्रींत पन्नास-साठ मैल उडतो. त्यास कोणता दरवाजा लावणार? तेथें मक्याच्या पोंग्यांत रोज डोकावणें एवढेंच हातीं आहे. बीजाचें तसें नाहीं. बीजास पंख नसले तर त्यास वाहन लागतें, आणि तें वाहन बहुधा आम्हीच भाड्यानें आणतों.

सोयाबीन, गहू व हरभरा यांच्या काढणीस येणारीं मोठीं यंत्रें हीं आमचीं जहाजें होत. परप्रांतांतील शेतें कापीत तीं येतात. चाळण्यांत, पट्ट्यांत, चाकांच्या चिखलांत मागील शेताचें तण तसेंच असतें. भाडें ठरवितांना आपण एकरी दर दहा वेळां घासतों, पण यंत्र झाडून आण असें सांगण्याचें कोणास सुचत नाहीं. मलाही सुचलें नव्हतें. काढणीनंतर यंत्र जेथें उभें होतें तेवढ्याच तुकड्यांत पुढच्या पावसाळ्यांत अनोळखी तण उगवलें, तेव्हां डोळे उघडले.

मंडळानें येत्या हंगामापूर्वीं दोन ठराव करावे असें मी सुचवितों. गांवांत येणारें यंत्र शिवेवरच एका ठरलेल्या जागीं झाडावें, कचरा तेथेंच जाळावा, आणि त्याचा वेळ भाड्यांत धरावा. यंत्रवाल्याच्या माथीं फुकट काम मारलें तर तें होणार नाहीं. दुसरें, जें तण गांवांत कोणी ओळखीत नाहीं तें मुळासकट उपटून कागदांत गुंडाळून मंडळाच्या कचेरींत आणावें व तेथून कृषिखात्याकडे धाडावें. रस्त्याकडेच्या गाजरगवताचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ती जमीन कोणाचीच नाहीं. फुलावर येण्यापूर्वीं लगतच्या खातेदारानें हातमोजे घालून तें उपटावें व मजुरीचा अर्धा वांटा मंडळानें सोसावा, असें माझें मत आहे. याला विरोध होईल हें मी जाणून आहें. तो पुढील सभेंत उघड व्हावा.